एडमंटनचा उन्हाळा, नाशिकची थंडी आणि फ्लॉवरचा गड्डा

मे महिन्यात फ्लॉवर लावते म्हटलं की नाशिकजवळच्या दिंडोरीचे आमचे काका दर वर्षी फोनवर तेच म्हणतात, "अगं, मे महिन्यात कुणी फ्लॉवर लावतं का? करपून जाईल." त्यांच्या शिवारात खरंच करपेल. मी मात्र फोन कानाला लावून उभी असते ती कॅनडातल्या एडमंटनला, अंगात जाड जाकीट घालून, आणि समोरच्या वाफ्यावर पहाटे गोठलेलं दंव अजून वितळायचं असतं.

काकांचा फ्लॉवर थंडीतला, माझा उन्हाळ्यातला. ऐकायला विचित्र वाटतं, पण तापमानाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. नाशिक भागात डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १०-११. एडमंटनला जुलैत दुपारी २३ आणि पहाटे १२. झाडाच्या दृष्टीने हे दोन्ही ऋतू जवळजवळ एकच. मग इथे फ्लॉवर इतका का रुसतो? इथली बागकाम करणारी जुनी मंडळीसुद्धा कोबी, ब्रोकोली, नवलकोल बिनधास्त लावतात आणि फ्लॉवरचं नाव काढलं की मान हलवतात. पहिली तीन वर्षं माझेही गड्डे लिंबाएवढे व्हायचे.

बरेच लोक याचं खापर थंडीवर फोडतात. मीही फोडलं होतं. थंडी फ्लॉवरला हवीच असते. गडबड आहे ती थंडी आणि ऊब कोणत्या क्रमाने येतात त्याची. नाशिकला रोप लागतं तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो, हवा उबदार असते, झाड भराभर पानं काढतं, आणि मग दिवाळीच्या सुमाराला थंडी हळूहळू उतरते. आधी ऊब, मग गारवा. फ्लॉवरला हाच क्रम लागतो. एडमंटनला बरोबर उलटं होतं. मे महिन्यात रोप बाहेर गेलं की आधी त्याला गारठा भेटतो, आणि पानं वाढून गड्डा धरायची वेळ येते तेव्हा जुलै लागलेला असतो, म्हणजे वर्षातला सगळ्यात उष्ण महिना. कमी दिवसांच्या या हंगामात फ्लॉवर पिकवायचा म्हणजे हा उलटा क्रम झाडाला कळू द्यायचा नाही. बाकी सगळी कामं त्यासाठीच.

गड्डा म्हणजे नेमकं काय

आपण ज्याला फ्लॉवर म्हणतो ते फूल नाही. प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर वाढीचा एक बारीक बिंदू असतो, तिथून नवी पानं, फांद्या, फुलं निघतात. फ्लॉवरच्या झाडात हा बिंदू फूल व्हायला निघतो आणि अर्ध्यात अडकतो. फूल पुरं होत नाही म्हणून तो पुन्हा आपल्यासारखाच नवा बिंदू काढतो, तोही फूल व्हायला निघतो, तोही अडकतो. असं हजारो वेळा होतं आणि अडकलेल्या शेंड्यांचा पांढरा ढीग साचतो. तोच गड्डा. म्हणूनच गड्ड्याची एक फांदी तोडली तर ती छोट्या फ्लॉवरसारखी दिसते, आणि तिचा तुरा तोडला तर तो आणखी छोट्या फ्लॉवरसारखा. २०२१ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात यामागची जनुकांची साखळी मांडली. फूल होण्याचा प्रयत्न फसला तरी त्या प्रयत्नाची खूण शेंड्यात राहते, आणि त्या खुणेमुळेच तो पानं न काढता नुसते शेंडे काढत सुटतो.

कोबी, ब्रोकोली, केल, नवलकोल ही सगळी आणि फ्लॉवर मिळून वनस्पतिशास्त्राच्या भाषेत एकच जात आहे. पण कोबीचा गड्डा पानांचा असतो. कोबीचं झाड मध्येच दहा दिवस रुसलं तरी नंतर पानं काढून भरपाई करतं. ब्रोकोलीचा मधला तुरा लहान राहिला तर बगलेतून छोटे तुरे येत राहतात. फ्लॉवरला अशी दुसरी संधी सहसा मिळत नाही. त्याचा एकच शेंडा, आणि तो पानं सोडून गड्ड्याकडे एकदा वळला की त्या क्षणी झाडावर जेवढी पानं असतील तेवढ्याच भांडवलावर गड्डा पोसायचा असतो.

झाडाच्या आयुष्याचे त्यामुळे तीन भाग पडतात. पहिल्यात ते फक्त पानं काढतं; या वयात थंडी दाखवली तरी गड्डा धरत नाही. ठरावीक संख्येची पानं झाली (ही संख्या जातीप्रमाणे बदलते) की दुसरा भाग सुरू होतो, आणि आता ते गारव्याची वाट पाहतं. स्नोबॉल गटातल्या, म्हणजे थंड हवेतल्या जातींना त्यासाठी साधारण १० ते १६ अंशांची हवा लागते. गारवा मिळाला की शेंडा वळतो आणि तिसरा भाग, म्हणजे गड्डा भरणं, सुरू होतं. दिवस किती लांब आहे याच्याशी या वळणाचा फारसा संबंध नाही. एडमंटनला २१ जूनच्या सुमाराला पहाटे पाचला उजाडतं आणि रात्री दहाला सूर्य मावळतो. त्या सतरा तासांच्या उजेडाचा फायदा पानं वाढायला होतो, गड्डा धरायचा हुकूम मात्र तापमानच देतं.

लिंबाएवढा गड्डा

माझे लिंबाएवढे गड्डे कुठून आले हे आता सांगता येईल. या दोषाला 'बटनिंग' म्हणतात, आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही हा शब्द माहीत आहे. पहिला भाग नुकता संपलेला असतो, पानं जेमतेम असतात, आणि तेवढ्यात झाडाला आठ-दहा दिवस सलग गारठा लागतो किंवा दुसरा काही त्रास होतो. झाड घाबरून ठरवतं की आता काही खरं नाही, असेल त्यात गड्डा उरकून टाकू. मग दहा पानांच्या झाडावर बटणाएवढा गड्डा येतो. त्यानंतर कितीही खत घाला, कितीही पाणी द्या, तो मोठा होत नाही.

त्रास म्हणजे केवळ थंडी नव्हे. छोट्या कुंडीत मुळांचा गुंता झालेलं रोप, चार दिवस पाणी न मिळालेलं रोप, नत्र कमी पडलेलं रोप, लावणीत मुळं तुटलेलं रोप, सगळ्यांचा निर्णय तोच. दुसऱ्या वर्षी मी एका मोठ्या दुकानातून फ्लॉवरची तयार रोपं आणली. दांडगी, उंच, सहा-सात पानांची. मला वाटलं, एवढी मोठी रोपं म्हणजे काम सोपं झालं. घरी आणून कुंडी उलटी केली तर मुळं आत गोल गोल फिरून कुंडीचाच आकार झालेली. एकाच्या शेंड्यात तर हरभऱ्याएवढा गड्डा तिथेच दिसत होता! म्हणजे मी पैसे देऊन आणलं ते झाड आपला निर्णय घेऊनच आलं होतं. तेव्हापासून फ्लॉवरचं रोप विकत घ्यायचं झालंच तर लहानात लहान, चार पानांचं, बुटकं आणि गडद हिरवं बघून घेते.

आता भारतातून आलेल्या बियाण्याबद्दल. ओळखीतल्या कितीतरी घरांत 'गावाकडचं बी' असं लिहिलेली पुडी असते. सीमेवर बियाण्यांचे नियम असतात ते असतातच, पण फ्लॉवरच्या बाबतीत त्याहून मोठं कारण आहे. फ्लॉवर हिंदुस्थानात इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आणला असं मानतात. त्यानंतरच्या दीडेकशे वर्षांत उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांनी आणि नंतर संशोधकांनी निवड करत करत उष्णतेत गड्डा धरणाऱ्या जाती घडवल्या. पुसा कातकी, पुसा दीपाली या लवकर येणाऱ्या जाती २० ते २७ अंशांतसुद्धा गड्डा धरतात, त्यासाठी त्यांना थंडीची वाट पाहावी लागत नाही. हे भारतात मोठं यश आहे. पण अशी जात एडमंटनच्या गार जूनमध्ये लावली तर तिला पहिल्याच आठवड्यात गड्ड्याचा इशारा मिळतो आणि बटणं तयार! आपल्याकडेही लवकरची जात उशिरा लावली तर असंच होतं, आणि उशिराची जात लवकर लावली तर नुसती पानंच पानं. काकांना हे मी शिकवायची गरज पडली नाही, त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "बी चांगलं-वाईट नसतं, ते आपल्या वेळेचं असलं पाहिजे."

इथे चालतात त्या स्नोबॉल घराण्यातल्या लवकरच्या जाती. हे घराणं मुळात जर्मनीतल्या एर्फुर्ट शहराच्या आसपासच्या बुटक्या, लवकर येणाऱ्या फ्लॉवरमधून निघालं. (भारतातही स्नोबॉल पिकतो, पण त्याचं बी मैदानात धरत नाही, ते कुलू खोऱ्यातल्या कटराईंसारख्या थंड ठिकाणी तयार करतात.) माझा भरवसा 'स्नो क्राउन' या संकरित जातीवर. ती थंडी-उष्णतेचे हेलकावे इतर जातींपेक्षा निमूट सोसते. 'अमेझिंग' ही थोडी उशिराची, पण तिची पानं आपोआप गड्ड्यावर वळतात.

पाकिटावरचे ६० दिवस

बियाण्याच्या पाकिटावर ५५, ६०, ७५ असे दिवस छापलेले असतात. ते बी पेरल्यापासून नव्हे, रोप जमिनीत लावल्यापासून मोजायचे. हे न कळल्यामुळे दर वर्षी कुणीतरी मेच्या शेवटी थेट वाफ्यात बी टाकतं आणि सप्टेंबरात हिमात उभ्या असलेल्या पानांचा फोटो पाठवतं.

दुसरी गोष्ट, सगळे दिवस सारखे नसतात. ढोबळमानाने धरा की ५ अंशांखाली फ्लॉवरची वाढ थांबते. मे महिन्यातला एक दिवस घ्या: दुपारी १८, पहाटे ४, सरासरी ११. म्हणजे झाडाला कामाची उष्णता मिळाली ६ अंश. जुलैतला दिवस: दुपारी २३, पहाटे १२, सरासरी साडेसतरा, कामाची उष्णता साडेबारा. जुलैच्या एका दिवसात मेचे दोन दिवस बसतात. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात घाई करून लावलेलं रोप आणि मेच्या शेवटी लावलेलं रोप बहुतेक वेळा फारसं मागेपुढे तयार होत नाही. फरक इतकाच की पहिल्याला बटणाचा धोका जास्त.

एडमंटनला दंव गोठण्याची शेवटची रात्र शहराच्या मधल्या भागात मेच्या पूर्वार्धात येते, बाहेरच्या उघड्या भागात त्यानंतरही. शरद ऋतूतली पहिली तशी रात्र सप्टेंबरच्या मध्यानंतर केव्हाही. मधले दिवस चार महिन्यांच्या आसपास. इथला रिवाज असा की व्हिक्टोरिया डेची सुट्टी, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, आली की बागेत उतरायचं. त्याच सुमाराला मेडे नावाची झाडं पांढऱ्या तुऱ्यांनी भरतात आणि अख्ख्या गल्लीला वास सुटतो. मला स्वतःला कॅलेंडरपेक्षा या झाडांवर जास्त विश्वास आहे.

तळघरातली रोपवाटिका

माझी रोपवाटिका तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारच्या फळीवर आहे. एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बी पेरायचं, म्हणजे लावणीच्या पाच आठवडे आधी. त्याहून आधी नको. फेब्रुवारीत हात शिवशिवतात हे मला माहीत आहे, तेव्हा मिरची पेरा, वांगी पेरा. फ्लॉवर नको. सहा आठवड्यांवर गेलेलं रोप म्हणजे बटणाचं आमंत्रण.

बी सेंटिमीटरभर खोल. २० अंशांच्या वर ऊब असेल तर पाच-सहा दिवसांत उगवतं. उगवल्यावर मात्र ऊब कमी करायची, १५ ते १८ अंश पुरे, आणि उजेड वाढवायचा. तळघर आपोआपच गार असतं, म्हणून ही जागा खिडकीपेक्षा बरी. खिडकीतली रोपं उजेडाकडे वाकून काडीसारखी उंच होतात. एलईडीची पट्टी रोपांच्या डोक्यापासून चार बोटांवर टांगायची आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवायची. रोपं वाढतील तशी पट्टी वर. पहिलं खरं पान आलं की प्रत्येक रोप स्वतंत्र कुंडीत, आणि कुंडी तीन-साडेतीन इंची तरी हवी. लहान खाचांच्या ट्रेमध्ये मुळांना पाच आठवडे जागा पुरत नाही. पाण्यातून पातळ खत आठवड्याला एकदा.

शेवटच्या आठवड्यात रोपं काटक करायची. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग दोन तास, मग थोडं ऊन, थोडा वारा. इथेच लोक चुकतात: काटक करायचं म्हणजे गारठवायचं असं समजून रोपं रात्री बाहेर ठेवतात. टोमॅटोचं रोप रात्रभर गारठलं तर ते लगेच काळं पडून तुम्हाला सांगतं. फ्लॉवर काहीच सांगत नाही. ६ अंशांत तो अगदी टवटवीत दिसतो आणि आतल्या आत दिवस मोजत असतो. रात्री आत आणा. आठवडाभर दिवसाही पारा १० अंशांखाली राहील असा अंदाज असेल तर लावणी पुढे ढकला.

लावताना दोन रोपांत हातभर, ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर. पहिल्या पानापर्यंत मातीत दाबलं तरी चालतं. आणि लावल्या लावल्या वरून क्रॉप कव्हर, म्हणजे कलिंगडाच्या शेतात हल्ली आपल्याकडेही दिसतं ते पांढरं पातळ कापड, तारेच्या कमानींवर ताणायचं. आतली हवा एक-दोन अंश उबदार राहते. मेच्या गारठ्यापासून झाडाला लपवायचं ते असं.

काळी माती, पण आपली नव्हे

एडमंटनची माती पाहून पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं, इतकी काळी. पण हा काळेपणा वेगळा. दख्खनची काळी माती बसाल्ट खडकाच्या झिजेतून आलेल्या चिकणमातीची. रंग काळा असला तरी तिच्यात सेंद्रिय अंश फारसा नसतो. इथली काळी माती गवताळ प्रदेशाची. हजारो वर्षं गवताची मुळं कुजून त्यांचा अंश थंडीमुळे पूर्ण जळाला नाही, साठत गेला. खाली मात्र हिमयुगाच्या शेवटी इथे पसरलेल्या हिमनदीच्या सरोवराचा चिकट गाळ आहे. पाऊस पडला की तीही बुटाला आपल्याच मातीसारखी लगडते.

म्हणजे जमिनीत अन्न भरपूर आहे, पण मे महिन्यात ते कुलूपबंद असतं. हिवाळ्यात जमीन मीटरहून खोल गोठते. ती हळूहळू उबते, आणि सेंद्रिय अंशातून नत्र मोकळं करणारे जिवाणू थंडीत आळसावलेले असतात. नत्राची उपासमार म्हणजे पुन्हा बटण. म्हणून काळी माती आहे म्हणून निर्धास्त राहू नका; वाफ्यात दोन-तीन इंच मुरलेलं कंपोस्ट, लावणीच्या वेळी पातळ खताचं पाणी, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी माशाचं किंवा दुसरं विद्राव्य खत, गड्डा धरेपर्यंत.

पाण्याबद्दल एवढंच, की खंड नको. आठवड्याला इंच-दीड इंच, पाऊस धरून. वाळलेल्या गवताचं आच्छादन पसरा, पण जून उजाडल्यावर, माती उबल्यावर. मेमध्ये पसरलंत तर माती गारच राहील. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि देठ आतून पोकळ, काळपट असेल तर बोरॉनची कमतरता असू शकते. बोरॅक्सचा चमचा टाका असा सल्ला सर्रास मिळतो. माती तपासल्याशिवाय टाकू नका, बोरॉन जरा जास्त झालं तरी झाडाला विष. कोकणातल्या आंबट मातीत मॉलिब्डेनम कमी पडून पानं चाबकाच्या वादीसारखी होतात, तो दोष इथल्या मातीत सहसा दिसत नाही.

कॅनोलाच्या देशात आठ रोपं

महाराष्ट्रात फ्लॉवर-कोबीच्या शेतात सापळा पीक म्हणून मोहरी लावायची शिफारस असते, कोबीच्या पंचवीस ओळींना मोहरीच्या दोन. किडी मोहरीवर जातात, पीक वाचतं. एडमंटनला सगळंच उलटं आहे म्हटलं ना, तसं हेही. एडमंटन ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात लाखो एकरांवर कॅनोला हे तेलबियांचं पीक असतं. ते मोहरीच्याच कुळातलं, १९७०च्या दशकात कॅनडातच घडवलेलं. नावातला 'कॅन' कॅनडाचाच. जुलैत क्षितिजापर्यंत पिवळं होतं, बघत राहावं असं. आणि त्या कुळाच्या सगळ्या किडींना मधे माझ्या अंगणातली आठ रोपं दिसतात.

पहिला येतो फ्ली बीटल, पिसवेसारख्या उड्या मारणारा दोन-तीन मिलिमीटरचा काळा भुंगेरा. मे-जूनच्या कोरड्या, उबदार दुपारी कोवळ्या पानांची अक्षरशः चाळण करतो. मग एक माशी खोडाशी अंडी घालते, तिची अळी मुळं खाते, आणि झाड भर दुपारी मान टाकतं तेव्हा आपल्याला कळतं. क्रॉप कव्हर लावणीच्या दिवशीच टाकलं आणि कडा मातीत नीट दाबल्या तर दोन्ही बाहेर राहतात. पण गेल्या वर्षी जिथे कोबी-फ्लॉवर होता त्याच वाफ्यावर टाकलं तर मातीतले कोष आतच उबवाल. जागा बदला. कव्हर नसेल तर खोडाभोवती पुठ्ठ्याची चकती बसवतात, माशीला मातीपर्यंत पोचता येत नाही.

चौकोनी ठिपक्याचा पतंग आपला जुना ओळखीचा. तो इथला हिवाळा सहसा काढू शकत नाही. दर वर्षी दक्षिणेकडच्या वाऱ्यावर वाहत येतो. पांढऱ्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्याही असतात. दोन्हींवर बीटी, म्हणजे अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध, फवारलं की भागतं. लहान बागेत हाताने वेचलं तरी चालतं, तसंच मी करते, संध्याकाळी, चहाचा कप कठड्यावर ठेवून.

मला खरी धास्ती आहे ती मुळांवर गाठी आणणाऱ्या क्लबरूट रोगाची. एडमंटनजवळच्या कॅनोलाच्या शेतांत तो २००३ साली सापडला आणि नंतर पसरत गेला. मुळं सुजून आल्याच्या कांड्यांसारखी होतात, झाड खुरटतं. त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात, औषधाने जात नाहीत. चुना टाकून मातीचा सामू (पीएच) ७.२च्या वर ठेवला तर जोर कमी होतो, इतकंच. तो येतो मातीतून: बुटांना लागलेल्या, अवजारांना लागलेल्या, कुणी प्रेमाने दिलेल्या रोपाच्या मुळांना लागलेल्या. म्हणून कोबीवर्गातलं रोप मातीसकट मी कुणाकडून घेत नाही. भिडेपोटी दोनदा घ्यावं लागलं, ते कुंडीतच ठेवलं.

झाकणं

गड्डा लिंबाएवढा दिसला (आणि खाली पंधरा-वीस मोठी पानं असली, तर हा लिंबू शुभ!) की उन्हापासून झाकायचा. ऊन लागलं तर पिवळा पडतो, चव उग्र होते, बाकी बिघडत काही नाही. काका एक मोठं पान मोडून गड्ड्यावर टोपीसारखं ठेवतात. मी तसंच केलं आणि गड्डा उत्तर बाजूने पिवळा पडला. कारण शोधायला मला एक आख्खा दिवस बागेत बसावं लागलं. इतक्या उत्तरेला जून-जुलैत सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन उत्तरेकडूनच येतं. एका पानाची टोपी इथे पुरत नाही. बाहेरची पानं गोळा करून वर रबरबँडने सैल बांधायची, शेंडी बांधतात तशी. पानं कोरडी असताना बांधा, नाहीतर आत कुजतं. रोज एकदा आत डोकावा, कारण उबदार हवेत चार-पाच दिवसांत गड्डा काढायला येतो आणि गार हवेत दहा-बारा दिवस लागतात.

बांधायचा कंटाळा असेल तर रंगीत जाती लावा. जांभळ्याला ऊन लागलं तर रंग उलट खुलतो. केशरी फ्लॉवर तर कॅनडाचाच. १९७०च्या सुमाराला टोरांटोच्या उत्तरेला ब्रॅडफर्ड मार्शच्या शेतात एक केशरी गड्डा आपोआप आला. बीटा कॅरोटिन हे केशरी रंगद्रव्य साठवणारा बदल त्याच्या जनुकात झाला होता. पुढे न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावरून बाजारात चालतील अशा जाती तयार केल्या. चवीला थोडा गोडसर, पण रस्सा हळद जास्त पडल्यासारखा दिसतो.

दुसरी खेप

जून २०२१च्या शेवटी पश्चिम कॅनडावर उष्णतेची लाट आली. ब्रिटिश कोलंबियातल्या लिटनला २९ जूनला ४९.६ अंश झाले. एडमंटनलाही पारा ३५च्या पुढे गेला. माझ्या झाडांनी तेव्हा नुकता गड्डा धरला होता. दोन आठवड्यांनी गड्ड्यांतून बारीक हिरवी पानं डोकावायला लागली, आणि दोन गड्डे तर शिजलेल्या तांदळासारखे दाणेदार, मखमली झाले. गड्डा धरल्यावर जास्त उष्णता लागली की शेंडा गोंधळतो आणि पुन्हा पानांकडे वळू पाहतो. खायला वाईट नसतात, पण दिसायला अगदी केविलवाणे.

त्याच वर्षी योगायोगाने माझी काही रोपं मागे पडलेली होती. मेच्या मध्यावर सहज टाकलेलं उरलेलं बी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेलं. लाट आली तेव्हा ती लहान होती, पानंच काढत होती. ऑगस्टमध्ये रात्री १० अंशांखाली उतरायला लागल्या आणि त्यांनी गड्डे भरले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एक तोडला तो दोन हातांत धरावा लागला. तेव्हा मला क्रमाची ती गोष्ट समजली. जूनमध्ये लावलेल्या रोपाला आधी ऊब मिळते, मग गारवा. म्हणजे काकांच्या फ्लॉवरला मिळतं तेच.

तेव्हापासून मेची खेप मी चार रोपांची करते, हौस म्हणून, आणि जूनची आठ-दहा रोपांची. जूनच्या रोपांना क्रॉप कव्हर उबेसाठी लागत नाही, पण किडींसाठी आठवडे-दोन आठवडे टाकते. साठ दिवसांच्या आतबाहेरची जातच निवडते, कारण ऑगस्टच्या मध्यापासून दिवस झपाट्याने लहान होतात आणि पाकिटावरच्या साठात दहा दिवस सहज वाढतात. २० जूनला लावलं तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तोडणी. त्याहून उशिरा लावणं म्हणजे जुगार. झाडाची पानं उणे दोन-तीन अंशांपर्यंतची रात्र सोसतात, गड्डा तितका सोसत नाही. पण बांधलेल्या पानांच्या आत तो एखादी हलकी रात्र काढतो, आणि वरून जुनी चादर टाकली तर दोनही. अंदाज उणे चारचा असेल तर रात्री टॉर्च घेऊन जायचं आणि असतील तेवढे तोडून आणायचे, मुठीएवढे असले तरी. गोठून वितळलेला गड्डा दोन दिवसांत काळा पडतो.

तोडताना खाली पाच-सहा पानं ठेवून कापा, फ्रीजमध्ये गड्डा जास्त टिकतो. ती पानंही टाकू नका. जाड शिरा बारीक चिरून, डाळ घालून भाजी करा. दुकानातला फ्लॉवर इथे प्लास्टिकमध्ये पानं छाटून येतो, त्यामुळे ही भाजी विकत मिळत नाही. गेल्या सप्टेंबरात मी सगळ्यात मोठ्या गड्ड्याचा फोटो काकांना पाठवला, शेजारी मापाला वाटी ठेवून. त्यांचा लगेच फोन आला. पहिला प्रश्न: "किलोला काय भाव आहे तिकडे?"